काचेपलीकडचे ओठ

बेथिया गौर्ली गिरणीत जाताना हॅट आणि हातमोजे घालायची. शाल पांघरून जाणाऱ्या सूतकातणीकडे ती बघायचीही नाही. ती विणकरीण होती, म्हणजे सूत कातणाऱ्यांपेक्षा एक पायरी वरची. मागांच्या खडखडाटातल्या सवयीने घरीसुद्धा आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची. सभेत राजाच्या नावाने टाळ्या पडल्या, की टाळी टाळायला नेमकं तेव्हाच तिला नाक शिंकरायचं असायचं.

नवरा वॉटी. अठराव्या वर्षी, आता याला पुरुषाचा पगार द्यावा लागणार म्हणून गिरणीने काढला, तो कायमचा घरी बसला. स्कॉटलंडातल्या त्या डंडी गावात, बायको कामावर आणि आपण घरी चहाची किटली उकळत बसणाऱ्या अशा नवऱ्यांना किटलीवाले म्हणत.

"अर्धं जग आपलं आहे, बेथी," पेपर वाचता वाचता तो म्हणाला.

"हो का? मग त्यातनं जरा कोळसा आण. चूल विझलीय."

त्या मार्चमध्ये बडे मालक गिरणीत आले. कलकत्त्याच्या ताग-गिरण्यांतही त्यांचाच पैसा. इथले माग, इथले मुकादम तिकडे पाठवून झाले होते. आता तिकडचं स्वस्त गोणपाट इथल्या बायकांच्या पोटावर आलं होतं.

मालक मॅनेजरच्या काचेच्या खोलीत ओरडून बोलत होते. मागांच्या खडखडाटात कोण ऐकणार? कान गेलेल्या विणकरणी ओठ वाचतात, हे त्यांना माहीत नव्हतं. विणकरणीशी ते जन्मात कधी बोललेच नव्हते.

"ही ऑर्डर संपली की माग भंगारात," ओठ म्हणाले. "कलकत्त्यात पावपट पैशात काम होतं. बायकांना आत्ता सांगू नका, हात सैल सोडतील."

बेथियाने शेजारच्या जेसला ओठांनीच सगळं सांगितलं.

"शुक्रवारपर्यंत गप्प राहा गं," जेसचे ओठ हलले. "आठवड्याचा पगार तरी हातात पडेल."

"तिकडची बाईही उपाशी, इकडे आपणही उपाशी. ढेरी सुटली ती फक्त याची. याची ऑर्डर मी पुरी करू?"

बेथियाने माग थांबवला. काचेपाशी गेली. तोंड मोठं करून, सावकाश, बिनआवाज म्हणाली, "सगळं कळलं, ढोल्या."

बाई नमस्कार करतेय असं वाटून मालकांनी हसून हॅट उचलली.

मागे जेसचा माग थांबला. मग एकेक करत सगळेच. मालक अजून ओरडतच होते. "पावपट!" हा त्यांचा आवाज त्या शांततेत छताला जाऊन आदळला.

बेथिया पुन्हा गिरणीत गेली नाही. तिच्या मागावर शंभर वारांतले चौसष्ट वार गोणपाट झालं होतं. पासष्टाव्यात धोटा अडकून राहिला.