माळ्यावरची बारावी गादी

एप्रिलातला दुसरा रविवार, सकाळचे सात. हजर: मी, माझी मुलगी, आणि इगतपुरीहून पिकअपमध्ये भाताच्या तुसाची पोती घेऊन आलेला धाकटा दीर. वरच्या खोलीत पलंगावर माझा नवरा. एकूण चार.

आमची वरची खोली पत्र्याची. पत्र्याखाली प्लायवूडचं सीलिंग आणि मधे रांगता येईल एवढा माळा. नवऱ्याचं हृदय तोवर फार थकलं होतं. दुपारी पत्रा तापला की त्याला धाप लागायची. कूलरच्या ओल्या हवेने खोकला यायचा. खाली हॉलमध्ये पलंग टाकू म्हटलं तर ऐकायचा नाही; वरच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. म्हणून माळाच थंड करायचा ठरला.

उपाय दिराचा. त्यांच्याकडे बर्फाची लादी तुसात ठेवायचे, दुपारपर्यंत टिकायची. मी जुन्या चादरींच्या बारा खोळी बेतल्या. तूस आणि कडुनिंबाचा वाळला पाला भरायचा, गादीसारखे टाके घालायचे, माळ्यावर अंथरायच्या. नकाशा काढून नंबर दिले. पहिली लांबच्या कोपऱ्यात, बारावी माळ्यावर चढायच्या झाकणापाशी, म्हणजे अंथरलेल्या गाद्यांवरून रांगायला नको. झाकण नेमकं पलंगाच्या उशाच्या वर.

"तुझ्या यादीत मी कितवा?" नवऱ्याने विचारलं.

"बारावे."

"रेशनच्या रांगेतही इतका मागे नव्हतो मी."

दीर म्हणाला, "वहिनी, दादाच्या डोक्यावरची आधी टाकू. वर चढताना सरकवू बाजूला."

"एक काम दोनदा नको, भावजी."

"देवळालीला भरती व्हायला हवं होतं तुम्ही. तोफा रांगेत लावल्या असत्या."

नवरा हसला आणि बराच वेळ खोकला. मग काठी मागून घेतली. सीलिंगच्या फटीतून तूस गळलं की काठीने तिथे ठोकायचा, की वर मुलगी टाका घालायची. तो दिवस त्याचा चांगला गेला.

पाचला अकरा गाद्या झाल्या. बारावीच्या तीन बाजू शिवल्या आणि मशीनचा पट्टा तुटला. चौथी बाजू हाताने शिवता आली असती. पण टाके वाकडे आले असते, आणि दिराला पिकअप परत द्यायची होती. यादीत बारासमोर मी लिहिलं: पुढचा रविवार.

सोमवारी दुपारी नवरा म्हणाला, "पायाकडे गार आहे गं. डोकं मात्र अजून उन्हात."

"मग उलटे झोपा ना, बाबा," मुलगी म्हणाली.

"डोंगर पाठीमागे जाईल."

"रविवारपर्यंत कळ काढा," मी म्हटलं. त्याने मान हलवली.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास तो गेला. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा काही संबंध नाही, हृदयच तेवढं उरलं होतं. मी ऐकून घेतलं. त्याला खाली नेल्यावर मी उशीवर हात ठेवला. कापूस तापलेला होता. पायाकडची चादर गार होती.

दहाव्यानंतर दीर वर आला, झाकणाकडे बघत उभा राहिला. "वहिनी, बारावी शिवून अंथरून देऊ? दहा मिनिटांचं काम आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तो खाली गेला.

त्यानंतरच्या माझ्या सगळ्या याद्या पूर्ण झाल्या. मृत्यूचा दाखला, बँक, गॅसवरचं नाव, त्याच्या औषधांच्या उरलेल्या पट्ट्या. मशीनला नवा पट्टाही बसवला. मुलीच्या दोन कुर्त्या शिवून झाल्या. अकरा गाद्यांपुढे खुणा आहेत. बारावीपुढे अजून 'पुढचा रविवार' आहे. खोळ मशीनच्या कप्प्यात घडी करून ठेवली आहे, तुसाचं शेवटचं पोतं जिन्याखाली. चौथी बाजू शिवायची आहे.