वाढपी

कोथरूडच्या हेमाताई दाते तीस वर्षं फुटबॉल बघताहेत आणि ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना अजून कळलेलं नाही. "कळलंच कधी, तर पेपरात देऊ," असं त्यांचे यजमान माधवराव म्हणतात. पण महिपती जगतापचा खेळ हिच्याइतका कुणाला कळला नाही, हेही तेच म्हणतात. फक्त हेमाताई समोर नसताना.

दोघांचा केटरिंगचा व्यवसाय. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं. तीस वर्षांपूर्वी एकदा खडकीला फुटबॉलच्या स्पर्धेत जेवणाची ऑर्डर होती. पातेली उतरवून झाली तरी सामना संपेना, म्हणून हेमाताई पदर खोचून मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. महिपती नावाचा एक किडकिडीत खेळाडू चेंडू घेऊन पळत होता. तिघं त्याच्या अंगावर धावून आलेले, आणि डावीकडे त्याच्याच संघाचा पुष्कर अगदी एकटा उभा. पंगतीत कुणी ताटकळत बसलेलं दिसलं की हेमाताईंच्या तोंडून जे निघायचं, तेच निघालं.

"अहो, त्याचं पान रिकामं आहे! त्याला वाढा!"

सगळं मैदान हसलं. महिपतीही हसला, पण हसता हसता त्यानं चेंडू डावीकडे दिला आणि पुष्करनं गोल केला. नंतर जेवायला बसल्यावर महिपतीनं मान वर करून विचारलं, "काय वहिनी, अजून कुणाचं पान रिकामं?"

तेव्हापासून त्या संघात पास मागताना सगळे 'वाढ, वाढ' ओरडायला लागले आणि महिपतीचं नाव पडलं वाढपी. ते शोभायचंही त्याला. समोर गोल उघडा असला तरी हा आधी शेजारी कोण आहे ते बघणार. हरून आला की म्हणायचा, "आज मीठ कमी पडलं, वहिनी." हेमाताईंनी त्याचा एकही सामना चुकवला नाही, लोक मुहूर्त बघून ऑर्डरी घेतात, तशा त्या सामने बघून ऑर्डरी घ्यायला लागल्या.

गेल्या वर्षी महिपती गेला. आता क्लबनं त्याच्या नावानं मुलींचा सामना ठरवला. पुष्कर आज त्याच क्लबचा कोच. तो जेवणाची ऑर्डर द्यायला आला आणि उत्साहानं म्हणाला, "वहिनी, सगळ्यात जास्त गोल करणारीला महिपती जगताप चषक!"

हेमाताईंच्या हातातली परात ओट्यावर आदळली. "गोल? भाऊजींच्या नावानं? अरे, त्यांनी जन्मात किती गोल केले?"

"पण चषक गोलालाच देतात, वहिनी. पासला कोण देतं?"

"द्या, द्या," माधवराव आतून म्हणाले. "चार-पाच गोलही मरणोत्तर देऊन टाका."

"आणि तुझ्या पहिल्या गोलाला कुणी वाढलं होतं रे?" हेमाताईंनी विचारलं.

"दादांनीच," पुष्कर म्हणाला. पण चषकावर अक्षरं कोरून झाली होती. तो गेल्यावर हेमाताईंना जेवण गोड लागेना. उद्याच्या मुलींना महिपती म्हणजे गोलांचा राजा वाटणार. तो खरा कोण होता, ते कुणालाच कळणार नाही. त्या उठल्या, माळ्यावरून सासूबाईंच्या वेळचं पितळी ओगराळं काढलं आणि चिंच लावून घासायला बसल्या.

सामन्याच्या दिवशी चषकाशेजारी त्यांनी ते लखलखीत ओगराळं ठेवलं. "हे पासचं बक्षीस. माझ्याकडून."

पुष्करनं ओगराळ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ठेवा," एवढंच म्हणाला.

शेवटी शेवटी बरोबरी होती. स्वराली नावाची मुलगी चेंडू घेऊन गोलसमोर पोचली. सगळं मैदान "मार! मार!" करून ओरडत होतं. उजवीकडे तिच्याच संघातली नम्रता एकटी उभी. हेमाताईंनी आधीच ठरवलं होतं, आज भाऊजी नाहीत, आज ओरडायचं नाही. पण सवय ती सवय.

"अगं, तिचं पान रिकामं आहे! वाढ!"

स्वरालीनं न बघताच चेंडू उजवीकडे ढकलला. नम्रतानं मारलेला चेंडू गोलकीपरच्या गुडघ्याला लागला, पलीकडच्या खांबाला लागला आणि रमतगमत आत गेला.

सगळ्यात जास्त गोल नम्रताचे झाले, चषक तिला मिळाला. मग पुष्करनं माइक हातात घेतला. "महिपतीदादांनी फार गोल केले नाहीत. त्यांनी आम्हाला वाढलं. म्हणून खरं बक्षीस हे." आणि त्यानं ओगराळं स्वरालीच्या हातात दिलं.

स्वरालीनं ते उलटंसुलटं करून बघितलं. "काकू, थँक यू! पण हे काय असतं?"

"आमटी वाढायचं!"

"ट्रॉफीनं?"

"ट्रॉफी नंतर गं. आज आमटी आहे," माधवराव पातेल्यावरचं झाकण काढत म्हणाले.

मैदानातच पंगत बसली. स्वराली शिंपडत, सांडत, हसत ओगराळ्यानं आमटी वाढत सुटली. "अगं, वाटीत! वाटीत!" असं सांगून हेमाताई दमल्या आणि शेवटी, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःच्या ऑर्डरच्या पंगतीत कडेला बसल्या. स्वराली बोलण्याच्या नादात त्यांना ओलांडून पुढे गेली.

तेवढ्यात पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाकडून माधवरावांचा आवाज आला. तीस वर्षांत ते मैदानावर कधी ओरडले नव्हते.

"अगं ए पोरी! हिचं पान रिकामं आहे! वाढ!"