ढिली बाज

तो आला की हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी ओसरीतल्या बाजेवर तळवा दाबून बघायचा. बाज खोल जायची. मग मान हलवून म्हणायचा, "ढिली झाली की. थांबा, जल्दी करून टाकतो."

जल्दी हा शब्द त्याच्या तोंडात नुसता वस्तीला होता. त्याच्याइतका सावकाश माणूस आमच्या तीर्थपुरीत दुसरा नसेल. सकाळच्या एसटीने आलेला हा गडी बाजेच्या पायाकडची, पायगतीची दोरी आवळायला बसला की दुपारची भाकर ताटात गार व्हायची, तरी दोरी निम्मीच ओढून झालेली असायची.

तो आमच्या शेजारच्या आक्कांचा मुलगा. जालन्याला मस्तगडात राहायचा आणि बियाण्यांच्या गोदामात कामाला जायचा. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बघून हेवा वाटावा असं त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं. हेवा मला आक्कांचा वाटायचा. दर रविवारी तो त्यांच्या दारात उभा राहायचा आणि इकडे माझ्या पोटात दुखायला लागायचं.

आमचा मुलगा पुण्याला असतो. गुणी आहे, उगीच त्याला बोल लावू नका. कपडे धुवायचं मशीन त्याने पाठवलं, लोखंडी पलंग आणि जाड गादी पाठवली. नळ गळतो म्हटलं तर पुण्यात बसून इथला मिस्त्री आमच्या दारात उभा केला. आठवड्याला न चुकता फोन करतो आणि विचारतो, आई, काही काम आहे का? मी म्हणायची, काही न्हाई रे, सगळं बराबर हाये. तो म्हणायचा, बरं मग. फोन ठेवला की मी खिडकीत जाऊन आक्कांच्या ओसरीकडे बघत बसायची.

तिथे बघण्यासारखं काय होतं म्हणाल, तर काहीच नाही. त्याने दुरुस्त केलेला नळ आधी थेंबथेंब गळायचा, नंतर त्याला धार लागायची. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याने कूलरला नवीन गवत बसवलं, तर वारा कमी आणि ओसरीत पाणीच जास्त. आक्का मात्र गल्लीभर सांगत सुटायच्या की आमच्या पोरानं केलं. मी नाक मुरडायची. आमचा नळ कसा, बंद केला की बंद व्हायचा. पण बंद नळाकडे बघायला कोण येतो?

नवरात्राच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात, म्हणजे घरातली सगळी भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण बाहेर काढून धुतात. हे काम बायकांचं. पण आक्कांचे हात वाताने वाकडे झाल्यापासून तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अंगणात उभा राहायचा आणि गोधड्या पायाने तुडवायचा. गल्लीतल्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना हसायला मीच शिकवलं होतं. घरी बायकोचा हुकूम चालत असंल, इथं सराव करून राह्यला, असं मी गल्लीतल्या नळावर बोलले होते. बोलून घरी आले आणि आमच्या मशीनमध्ये आमच्या दोन चादरी टाकून बटण दाबलं. मशीन फिरत राहिलं आणि मी त्याच्यासमोर उगीच उभी राहिले.

आबा, म्हणजे त्याचे वडील, तेव्हा होते. जेवणं झाली की तो वर्तमानपत्र पसरायचा, त्यांचा पाय मांडीवर घ्यायचा आणि एकेक नख काढायचा. आबांना ऐकू येत नव्हतं, तरी तो त्यांच्याशी बोलायचा. गोदामात उंदीर फार झालेत, मोसंबीला यंदा भाव न्हाई, असलं काहीबाही. आमचे हे एकदा दारात उभे राहून बराच वेळ ते बघत होते. मग आत गेले आणि कोनाड्यातलं नेलकटर घेऊन उजेडाला बसले. मला त्या दिवशी आक्कांच्या सगळ्या घराचाच राग आला.

तर एका शनिवारी मी विरजण मागायला त्यांच्याकडे गेले. आबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं असेल. आक्का बाजेच्या पायगतीला खाली बसलेल्या. हातात उलथनं, आणि त्याच्या टोकाने त्या दोरीची गाठ सोडवत होत्या. वाकड्या बोटांनी जमत नव्हतं, पण चिकाटी सोडत नव्हत्या. मी विचारलं, हे काय करून राह्यल्या? त्या जराही दचकल्या नाहीत.

"उद्या येतो ना तो. काम न्हाई दिसलं की चहा पिऊन पहिल्या गाडीनं निघून जातो. ही सोडून ढिली बांधली, मंग दिवसभर बसतो."

मला आतून अशा उकळ्या फुटल्या म्हणता! म्हणजे एवढी गाजलेली सेवा ही उलथन्याची करामत होती तर. विरजण घ्यायचंही मी विसरले.

दुसऱ्या दिवशी आक्का चुलीपाशी आहेत हे बघून मी त्यांच्या ओसरीवर जाऊन टेकले. तो दोरी ओढत होता. मी अगदी साळसूदपणे म्हटलं, "अरे, ही बाज आपोआप ढिली न्हाई होत बरं."

त्याने मान वर केली नाही. "माहीत हाये काकू. म्या मारलेली गाठ येगळी. ही मायच्या हातची गाठ हाये."

"मंग बोलत काहून न्हाई तिला?"

"बोललो तर ती सोडायची बंद व्हईल. मंग मी कोणतं निमित्त काढून येऊ?" त्याने चष्मा वर सारला. "तिला सांगू नका, बरं का."

चहाडी करायला गेलेली मी त्याचंच गुपित घेऊन परत आले. त्या दिवशी मी जितकी जळले तितकी आधी कधी जळले नव्हते. गोधड्या, नळ, नखं हे सगळं एकवेळ सोसलं असतं. पण ती त्याच्यासाठी सोडायची आणि तो तिच्यासाठी आवळायचा, हे मला सोसवेना. आमच्या घरात मुलाने आवळावं असं ढिलं काही उरलंच नव्हतं. मीच उरू दिलं नव्हतं.

यंदाच्या थंडीत आक्का गेल्या. शनिवारी दुपारी पडून राहिल्या आणि संध्याकाळी चहाला उठल्याच नाहीत.

दिवसकार्य झालं. घराला कुलूप लावायच्या दिवशी त्याने टेम्पोत भांडी चढवली आणि बाज मात्र आमच्या ओसरीत आणून ठेवली. आमच्या जालन्याच्या जिन्यातून ही वर जात न्हाई काकू, तुमच्याकडं राहू द्या, म्हणाला. ठेवता ठेवता सवयीने त्याने तळवा दाबला. बाज खोल गेली. तो तसाच वाकून राहिला. मी म्हटलं, बस, आवळून दे, मी चहा टाकते.

"न्हाई काकू. त्या शनिवारी तिनं सोडून ठेवली व्हती. माह्यानं न्हाई व्हायचं." मग टेम्पोकडे वळत म्हणाला, "तुमचा आला की त्याच्याकडून करून घ्या."

त्या दिवशी मात्र तो खरंच जल्दी निघून गेला. त्यानंतर तो तीर्थपुरीला आलेला नाही. रविवारची एसटी चौकात थांबते तेव्हा माझी मान अजून तिकडे वळते. आक्कांच्या दाराला कुलूप दिसतं. हेवा करायलाही समोर कोणी लागतं, हे मला आत्ता कळतंय.

परवा पुण्याहून फोन आला. आई, काही काम आहे का? नेहमीचं उत्तर तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं.

"बाज ढिली झाली रे," मी म्हटलं.

तो म्हणाला, माणूस पाठवतो. मी म्हटलं, इथं कोणालाच येत न्हाई. हे धडधडीत खोटं होतं. तो हसला, म्हणाला, मला तरी कुठं येतं?

"तुला न्हाई आलं तरी चालंल. तू ये."

मग तो म्हणाला की रविवारी येतो.

आज शनिवार. दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर मी ओसरीत जाऊन बाजेवर तळवा दाबून बघितला. ढिली होती, पण मन मानेना. चहा पिऊन निघून गेला तर? मी आतून उलथनं आणलं, पायगतीला बसले आणि आक्कांची गाठ सोडवायला घेतली. सुटेपर्यंत बोटं दुखून आली. मग दोरी सोडली, आक्कांनी सोडली होती त्याहून चार बोटं जास्तच.