झालं नाय, होतंय!

डॉक्टर प्रेमला राऊत चोवीस वर्षं वसईतल्या एका लहानशा प्रसूतिगृहात बाळंतपणं करत होत्या. त्यांच्या हातची पोरं आता लग्नपत्रिका घेऊन यायला लागली होती. पण रात्रपाळी काही सुटली नव्हती.

त्या रात्री रिद्धी नावाच्या पहिलटकरणीनं दवाखाना डोक्यावर घेतला होता.

"मला नाही जमणार! मी घरी जाते!"

"जा की," डॉक्टर म्हणाल्या, "बाळाला तेवढं इथे ठेवून जा."

रिद्धी आणखीच रडायला लागली.

तेवढ्यात ऑगस्टीन नावाचा रिक्षावाला धापा टाकत आत आला. "मॅडम, चला लवकर! माझ्या रिक्षात बाई..."

"काय झालं?"

"झालं नाय मॅडम, होतंय!"

डॉक्टर हातमोजे चढवत बाहेर धावल्या. चिंचोटी गावची बायजा मागच्या सीटवर आडवी होती आणि बाळाचं डोकं दिसत होतं. डॉक्टरांनी रस्त्यावरच गुडघे टेकले. मोबाइलचा उजेड धरायचं काम ऑगस्टीनकडे आलं. त्यानं डोळे गच्च मिटले आणि उजेड नेमका मीटरवर धरला.

"अरे, बाळ मीटरमधून येणार आहे का? इकडे धर!"

दोन मिनिटांत मुलगी टॅहां करत डॉक्टरांच्या हातात आली. बायजानं मान उचलून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ही चौथी."

तिला आत रिद्धीच्या शेजारच्या टेबलावर आणलं. रिद्धीच्या बाळाचे ठोके ठीक होते, पण ती ओरडण्यातच सगळी ताकद घालवत होती. आणखी अर्धा तास बघायचं, नाहीतर सिझेरियन, असं डॉक्टरांनी मनाशी ठरवलं.

बायजा थोडा वेळ ऐकत राहिली. मग कुशीवर वळून म्हणाली, "पोरी, आरडून दम नको घालवू. तोंड मीट. कळ आली का मंग लाव जोर. आता नको... आता लाव!"

आणि रिद्धीनं मुकाट्यानं ऐकलं! वीस मिनिटांत तिला मुलगा झाला, चांगला सव्वातीन किलोचा.

नाळ कापताना फ्लॉसी सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तीन तास हेच सांगत होता ना?"

"हो," डॉक्टर हसल्या, "पण मी कुठे रिक्षात बाळंत झालेय?"

सकाळी रिद्धीनं हट्ट धरून आपली खाट बायजाच्या खाटेला चिकटवून घेतली. बाळाला अंगावर कसं पाजायचं ते सांगायला डॉक्टर गेल्या, तर तो धडा आधीच सुरू झाला होता. मग त्याही गुपचूप खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिल्या.