गॅसच्या सुटावर माह्यं नाव

हसाचं असंन तर आत्ताच हसून घ्या बाप्पा, मंग मधात थांबवू नका! मी फायर ब्रिगेडमधला भीमराव, अन् माह्यासारखी फजिती अख्ख्या घाटंजीत कोनाची झाली नसंन.

आमच्याकडे बर्फाचा कारखाना हाय. तिथं अमोनिया गॅस सुटला तर आत घुसाले सूट पाह्यजे. साहेब साधा रबरी सूट घेऊन राह्यले होते. मी आडवाच आलो!

"साहेब, रबरी सूट शिंतोड्यासाठी. गॅस तर मानेतूनई शिरते! डोक्यापासून पायापर्यंत बंद सूट पाह्यजे."

साहेबाले पटलं, तसाच सूट मागवला. वरून म्हने, "शनिवारी सुटाची तपासनी हाय. पास झाला का सरावात आत पयला तूच जाशीन, भीमराव!"

सांगा, यापेक्षा मोठा मान कोनता? माह्यी छाती अशी फुगली, का शर्टाच्या गुंड्या तुटाच्या राह्यल्या!

आता आपल्या घरी नवं पातेलं आलं का आपन आधी काय करतो? नाव टाकतो! नाही तर पंगतीतून वापस येते का ते? अन् हा तर एवढा भारी सूट, सगळ्याइचा डोया त्याच्यावर! उचलला अन् थेट रहमानचाचा टेलरकडे गेलो.

"चाचा, पाठीवर नाव भरून द्या. मोठं!"

"भाऊ, कपडा लय जाड हाय जी. सुई तुटून राह्यली."

"मंग मोठी सुई लावा!"

चाचानं पोते शिवाचं दाभन काढलं. "बाजूले फूल बी काढू?"

"काढा ना! कंजुषी कायले?"

शनिवारी तपासनीले मोठ्या हापिसातून मॅडम आल्या. "सूट कोणी निवडला? अगदी योग्य निवड!"

"मी!" मी हात वर केला, तो खालीच येईना.

मॅडमनं सुटात हवा भरली. साबनाचं पानी लावा म्हने, जिथं बुडबुडे तिथं भोक. ब्रश मीच फिरवला! हात, पाय, डोकं, कुठी काहीच नाही. मंग सूट पालथा केला.

आईशप्पथ सांगतो, पाठीवर फेसाचं 'भीमराव' उमटलं! बाजूले फूल, पाकळ्याईसकट!

"हा उद्योग कोणाचा?" मॅडम कडाडल्या. "तो माणूस आत जाणार नाही!"

पन आमची टीम लय इमानदार, सगळे आपापल्या बुटाकडे पाहाले लागले. मीबी वर पंख्याकडे पाहून राह्यलो.

साहेब म्हने, "मॅडम, वाचा ना. सही करून ठेवली हाय त्यानं!"