सुक्या कचऱ्याची वाट

वस्तीतली पोरं तिला 'ओला-सुका मावशी' म्हणायची. कचरा वेगळा करायच्या शेडची ती मुकादम. निम्मा कचरा तरी पुन्हा वापरात गेला पाहिजे, असं पालिकेने ठरवलं होतं. त्यासाठी ती दारोदार फिरली, जिने चढली, लोकांची बोलणी खाल्ली. हळूहळू लोक वळणावर आले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. शेजारी हसायचे, "आजी, आता इस्त्रीही करा!"

तिचा नवरा गावाबाहेर, कचरा जाळून वीज करणाऱ्या कारखान्यात क्रेन चालवायचा. वर काचेच्या खोलीत बसून खड्ड्यातला कचरा उचलायचा आणि भट्टीच्या तोंडी घालायचा. "तू वेचतेस, मी जाळतो. बरा संसार आहे," म्हणायचा, नि दोघं हसायची.

शेडचं काम बसलं, तसा तिकडे खड्ड्यात कचरा उणा पडू लागला. एका दुपारी शेडवर कारखान्याचा ट्रक आला आणि कागद-प्लास्टिकचे बांधलेले गठ्ठे त्यात चढू लागले. ती तडक पालिकेतल्या साहेबांकडे गेली.

"कारखान्याशी करार आहे, बाई. रोज ठरलेला कचरा द्यायचा. कमी पडला तर पालिकेला दंड."

"मग लोकांना वेगळा करायला कशाला लावलं?"

"तेही वरूनच आलंय." साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दोन्हीवर सही एकाचीच. मी कुणाला विचारू?"

संध्याकाळी नवरा खुशीत घरी आला. "आज माल कसा कोरडा ठणठणीत! भट्टी नुसती धडधडली. आमची पाळी बंद व्हायची होती, ते टळलं बघ."

तिने त्याला जेवायला वाढलं.

ट्रक कुठे जातो, हे किती दिवस झाकणार? आजींनी तिला जिन्यात गाठलं. "खरं सांग गं, आमच्या पिशव्या जाळतात?"

"सगळ्या नाही, आजी."

"मग मी धुते त्या कुठल्या?"

ती पुढच्या दाराकडे वळली.

पुढे घराघरातून कचऱ्याच्या पिशव्या जड येऊ लागल्या. भाजीची सालं, कागद, डबे, सगळं एकत्र. वेगळ्या केलेल्या कचऱ्याची टक्केवारी घसरली म्हणून साहेब तिच्यावर ओरडले. नवराही कुरकुरत आला, "सगळं ओलंचिंब येतंय. भट्टी नुसती धुमसते. तुमची शेड करते तरी काय?"

"सुकं पाठवलं ते जाळलंत. आता लोक वेगळं करत नाहीत. मी काय करू, सांगा ना!"

त्याने ताट पुढे ओढलं. "मी तरी काय करणार? खड्ड्यात असतं ते उचलतो."

दुसऱ्या दिवशी ती फेरीला निघाली. एका दारात नवी भाडेकरीण होती. "मावशी, कसं वेगळं करायचं, जरा सांगता?" तिने सांगितलं, नेहमीसारखं, नीट. मग जिना उतरता उतरता कठडा धरून तिथेच उभी राहिली. खाली शेडपाशी कारखान्याचा ट्रकवाला हॉर्न देत होता.