चुडामणचा गुडघा

कॉलेजात असताना चुडामणच्या पायाशी फुटबॉल आला, की भुसावळच्या मैदानाकडेचे चहावाले किटली खाली ठेवून बघत राहायचे. चौऱ्याऐंशी साली मुंबईच्या एका कंपनीने त्याला आपल्या संघात घेतलं. काम काय, तर खेळायचं, आणि वर पगार! सावद्याजवळच्या त्याच्या गावात हे कुणाच्या पचनीच पडेना. बाप जीवरामआबा मात्र पारावर छाती काढून सांगायचे, "बसून नही भो, पळून खातो माझा पोऱ्या!"

पण ही चैन एकच हंगाम टिकली. महत्त्वाचा सामना, बरोबरी, शेवटची मिनिटं. चेंडू उंच उडाला आणि चुडामणच्याच गोलासमोर खाली येऊ लागला. आता केळीवाल्याच्या पोराला लहानपणापासून एकच शिकवण: कापलेला घड जमिनीला टेकता कामा नये. टेकला की काळा पडला, व्यापाऱ्याने नाक मुरडलं. एकदा घड पाडला म्हणून आबांनी त्याला दिवसभर बागेबाहेर उभं केलं होतं. तेव्हापासून वरून काही पडताना दिसलं, की हात आपोआप पुढे! चुडामणने दोन्ही हात पसरले आणि चेंडू अलगद छातीशी धरला. धरून उभाही राहिला, शहाणा! पेनल्टी बसली, सामना गेला, महिन्याभरात नोकरीही गेली.

घरी सांगायचं काय? आबा, तुमच्या शिकवणीने माझा घात केला, असं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. मुंबईत गिरणीत असलेला गावचा वना तो सामना बघायला आला होता. त्याला चुडामणने आईची शपथ घातली आणि स्वतः लंगडत गावात उतरला. गुडघा गेला, डॉक्टरने खेळ बंद केला, विषय संपला!

मग काय विचारता, वर्षानुवर्षं तेच नाटक. कधी डावा पाय लंगडायचा, कधी उजवा. बायको कुंदा म्हणायची, "अहो, आज कुठल्या पायाची पाळी?" कॉलेजचे सर दरवर्षी येऊन बसायचे, "मुलांना शिकवायला ये रे." चुडामणचा जीव तुटायचा. पण मैदानात उतरला की पाय पळणार, आणि पळाले की आबांना खरं कळणार. "गुडघा, सर," असं म्हणून तो पोटरी चोळत बसायचा.

एका सकाळी बागेत कापणी चालली होती. अभिमन नावाच्या मजुराच्या खांद्यावरून भला मोठा घड निसटला. पलीकडे लंगडत असलेला चुडामण सुसाट धावला आणि घड वरच्यावर झेलला.

घड छातीशी धरून चुडामण दोन्ही पायांवर सरळ उभा. आता लंगडायचं तरी कोणत्या पायाने?

आबा जवळ आले. "मुंबईले असाच धरला व्हता ना रे?"

"तुम्हाले... कोनी सांगलं?"

"वनाच्या पोटात काही राह्यतं का? पयल्याच दिवाळीले बोलला तो." आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "वाटे, तू सांगशीन, मंग मी तुझी माफी मांगीन. तू सांगेना, अन् माझी हिंमत होयेना."

चुडामण पोरासारखा रडायला लागला. आबांनी घड आपल्या खांद्यावर घेतला. "जाय, सरले सांग, आजपासून येतो म्हन. माझ्यापायी लय लंगडला तू."

डोळे पुसत चुडामण निघाला, आणि सवयीने लंगडतच निघाला.

"अरे," मागून आबा ओरडले, "आता तरी सरळ चाल ना!"